गोव्याच्या घरातले झुरळांचे सापळे: जागा, ओल आणि फट यांचा हिशेब

दुकानातून चिकट सापळा आणायचा, सिंकखाली सरकवायचा, चार दिवसांनी बघायचे आणि दोनच झुरळे दिसली की 'याचा काही उपयोग नाही' म्हणून फेकून द्यायचा, असे बहुतेक घरांत चालते. दोष सहसा सापळ्याचा नसतो. तो भिंतीपासून चार बोटे दूर ठेवलेला असतो, शेजारी नळ ठिबकत असतो आणि आदल्याच दिवशी तिथे फवारा मारलेला असतो. झुरळ सापळ्यात शिरणार की नाही, हे सापळा कुठे आहे, आजूबाजूला ओल किती आहे आणि त्याच्या तोंडाची फट किती उंच आहे, यावर आधी ठरते. आमिषाचा नंबर त्यानंतर लागतो.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकू. घरात झुरळांचा सुळसुळाट झाला असेल तर नुसत्या सापळ्यांनी तो संपत नाही. पोटाशी अंड्यांची पेटी घेतलेली मादी फटीतून फारशी बाहेर पडत नाही, खातेही कमी, त्यामुळे सापळ्यात नर आणि पिल्लेच जास्त सापडतात. सापळ्याचा खरा उपयोग झुरळे नेमकी कुठे राहतात ते शोधण्यासाठी. ते कळले की पुढचे औषध मिरीच्या दाण्याएवढे पुरते.

आधी झुरळ कोणते ते बघा

गोव्यातल्या घरांत मुख्यतः दोन जातींशी गाठ पडते. लहान, फिकट तपकिरी, १२ ते १५ मिलीमीटर लांबीचे आणि डोक्यामागच्या ढालीवर दोन गडद उभे पट्टे असलेले ते जर्मन झुरळ. नाव जर्मन असले तरी त्याचे मूळ भारत-म्यानमारच्या बाजूचे असल्याचे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसून आले. हे झुरळ स्वयंपाकघर सोडत नाही. एका पेटीत ३० ते ४० अंडी असतात, आणि पिल्ले बाहेर पडायच्या जेमतेम एक-दोन दिवस आधीपर्यंत मादी ती पेटी अंगावरच वागवते. ऊब मिळाली तर दोन-तीन महिन्यांत पुढची पिढी तयार होते.

दुसरे मोठे, लालसर तपकिरी, ३५ ते ४० मिलीमीटरचे, ढालीला पिवळसर कड असलेले अमेरिकन झुरळ. ते गटारात, सेप्टिक टँकमध्ये आणि चेंबरमध्ये राहते आणि रात्री न्हाणीच्या जाळीतून वर येते. त्याच्या पेटीत १४ ते १६ अंडी असतात. मादी ती पेटी अंगावर न वागवता आडोशाला चिकटवून निघून जाते. वाढ पूर्ण व्हायला सहा महिने ते वर्षही लागू शकते.

जात ओळखल्याशिवाय सापळा मांडू नका. जर्मन झुरळासाठी लहान फटीचे पुष्कळ सापळे स्वयंपाकघरात लागतात. अमेरिकन झुरळासाठी मोठ्या तोंडाचे दोन-तीन पुरतात, पण ते न्हाणीत आणि बाहेर चेंबरपाशी. मोठे झुरळ ओट्यावर दिसले म्हणून ओट्याखाली दहा कार्डे, म्हणजे पुठ्ठ्याचे चिकट सापळे, लावली तर पैसे वाया जातात.

टीव्हीच्या मागे, राउटरच्या डब्यात, देवघरातल्या तसबिरींमागे बारीक झुरळे दिसत असतील आणि त्यांच्या अंगावर आडवे फिकट पट्टे असतील, तर ती तिसरीच जात. तिला कोरडी, उबदार आणि उंचावरची जागा आवडते. तिच्यासाठी कार्डे जमिनीवर न ठेवता कपाटाच्या वरच्या कोपऱ्यात टेपने चिकटवावी लागतात.

हवामान काय करते

थंडीत झुरळे आपोआप कमी होतील, ही आशा गोव्यात धरू नये. डिसेंबर-जानेवारीतली रात्र २० अंशांच्या आसपास असते, आणि तेवढ्यात जर्मन झुरळाची हालचाल थोडी मंदावते, थांबत नाही. शिवाय त्याला खोलीच्या तापमानाशी कर्तव्य नसते. ते फ्रिजच्या कॉम्प्रेसरमागे, मिक्सरच्या बुडाशी, गॅसच्या शेगडीखाली असते आणि तिथे बारा महिने ऊब असते. म्हणून पहिला सापळा तिथे.

तापमानापेक्षा ओल महत्त्वाची. जर्मन झुरळ पाणी मिळाले तर अन्नाशिवाय महिनाभर तगते. अन्न आणि पाणी दोन्ही तोडले तर दोन आठवडेही काढत नाही. मार्च ते मे या महिन्यांत घर कोरडे पडते आणि झुरळे पाण्याच्या शोधात फिरतात. तेव्हा ओले आमिष असलेला सापळा कोरड्या सापळ्यापेक्षा सरस ठरतो. पण त्यासाठी स्पर्धा संपवावी लागते: रात्री सिंक पुसून कोरडे करा, ठिबकणाऱ्या नळाला वॉशर बसवा, ओले पोछे वाळत टाका, कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करा, कुत्र्या-मांजराचे पाण्याचे भांडे उचलून ठेवा. सिंकमध्ये वाटीभर पाणी शिल्लक असेल तर झुरळ तुमच्या सापळ्यात कशाला उतरेल?

जून ते सप्टेंबर चित्र उलटे होते. वर्षाच्या सुमारे ३००० मिलीमीटर पावसातला बहुतेक पाऊस या चार महिन्यांत पडतो. भिंती ओल धरतात, पाणी जिकडे तिकडे असते, त्यामुळे ओल्या आमिषाचे आकर्षण संपते. या दिवसांत वास चालतो: आंबलेला पाव, पिकून काळे पडलेले केळे, सुक्या बांगड्याचा तुकडा. दुसरीकडे गटारे आणि चेंबर भरतात, आणि त्यातली अमेरिकन झुरळे कोरड्या जागेच्या शोधात पाइपमधून वर येतात. पहिल्या जोरदार पावसानंतरच्या रात्री न्हाणीत दिसणारी मोठी झुरळे घरात वाढलेली नसतात, ती उखडली जाऊन आलेली असतात. त्यांच्यासाठी सापळ्यापेक्षा जाळीचे झाकण मोलाचे. सापळा लावायचा तर मेच्या शेवटच्या आठवड्यात लावा, पाऊस सुरू होण्याआधी.

पावसाळ्याचा फटका सापळ्यालाही बसतो. ओल्या भिंतीला टेकलेले पुठ्ठ्याचे कार्ड दोन-तीन दिवसांत मऊ पडून बसते, आणि फट ६ मिलीमीटरवरून २ वर येते. मग आत काही शिरत नाही, आणि आपण खुश होतो की झुरळे गेली. कार्डाखाली प्लॅस्टिकचा तुकडा, जुन्या डब्याचे झाकण असले तरी चालेल, ठेवला की हा प्रश्न सुटतो.

वारा ही दुर्लक्षित गोष्ट. झुरळे वाहत्या हवेत थांबत नाहीत. पंख्याच्या किंवा एक्झॉस्टच्या झोतात ठेवलेला सापळा रिकामा राहतो. उजेडाचेही तसेच. अंधार पडल्यावर पहिल्या काही तासांत त्यांची वर्दळ सर्वांत जास्त असते, तेव्हा ११ वाजेपर्यंत स्वयंपाकघरात दिवा जळत असेल तर सापळ्याला रात्र अर्धीच मिळते.

फटीचे माप

झुरळाला पाठ आणि पोट दोन्हीकडून काहीतरी टेकलेले हवे असते. म्हणूनच ते मोकळ्या जमिनीवरून न जाता भिंतीच्या कडेने पळते. पूर्ण वाढलेल्या जर्मन झुरळाला साधारण ५ मिलीमीटरची फट आवडते, पिल्लांना दीड-दोन मिलीमीटरही पुरते. बाजारातल्या काही सापळ्यांची तोंडे २ सेंटीमीटर उंच असतात. ती अमेरिकन झुरळासाठी ठीक आहेत, लहान झुरळाला तो आडोसा वाटत नाही. जर्मन झुरळासाठी ५ ते ६ मिलीमीटर, अमेरिकनसाठी १२ ते १५ मिलीमीटर, हे माप धरा.

कमी उंचीचा दुसरा फायदा म्हणजे पाली. उघड्या चिकट पॅडवर पाल अडकणे हा गोव्यातल्या घरात रोजचा त्रास, आणि पाल तर झुरळे खाते. ६ मिलीमीटरच्या फटीत मोठी पाल शिरत नाही. तरीही एखादी अडकलीच तर ओढू नका. खोबरेल तेल किंवा स्वयंपाकाचे तेल थेंब थेंब सोडा, थोडा वेळ थांबा, मग कागदाची पट्टी खाली सरकवून सोडवा.

घरी करायचा चिकट सापळा

हार्डवेअरच्या दुकानात उंदरांसाठीचे ग्लू पॅड मिळते. त्याचा गोंद मोठ्या झुरळालाही धरतो. पातळ गोंदाच्या स्वस्त कार्डावरून अमेरिकन झुरळ पाय सोडवून निघून जाते. पॅड उघडून १० सेंटीमीटर लांब आणि ८ सेंटीमीटर रुंद तुकडे कापा. कात्रीला आधी तेल लावा, नाहीतर ती पुन्हा उघडणार नाही. सरळ पुठ्ठ्याचा १२ बाय १२ सेंटीमीटरचा तुकडा घ्या. त्याच्या दोन समोरासमोरच्या कडांना खाली २-२ सेंटीमीटर दुमडून पाय करा, आणि ते पाय बाहेर वळवा म्हणजे छत ६ मिलीमीटरवर उभे राहील. पायांत अंतर ८ सेंटीमीटर राहते, त्यात गोंदाचा तुकडा बसतो. छत पायांच्या दिशेने लांब असल्यामुळे दोन्ही तोंडांशी १-१ सेंटीमीटर जागा कोरडी राहील. ती मुद्दाम ठेवायची. झुरळ मिशांनी आधी चाचपते. तोंडातच गोंद लागला की ते मागे फिरते, दोन पावले आत आल्यावर मात्र पुढचे पाय अडकलेले असतात.

चिकट कार्डात आमिष ठेवू नका, हे आमचे ठाम मत. कारण मुंग्या. पावाचा एक कण पुरे, दुसऱ्या सकाळी गोंदावर मुंग्यांचा थर असतो आणि त्या थरावरून झुरळे चालत जातात. शिवाय आमिष असलेल्या आणि नसलेल्या कार्डांच्या मोजणीची तुलनाही होत नाही.

गोंदाचे तीन शत्रू आहेत: धूळ, तेल आणि पाणी. जांभ्याच्या चिऱ्यांच्या उघड्या भिंतीतून लाल माती झडते, ती आठवडाभरात गोंद निकामी करते. शेगडीजवळ फोडणीचे तेल बसते. बोट टेकवून बघा, गोंदाची तार निघत नसेल तर कार्ड बदला, त्यावर चार झुरळे असोत वा नसोत. मेच्या उकाड्यात गोंद पातळ होतो आणि उभ्या चिकटवलेल्या कार्डावरून खाली ओघळतो. त्या दिवसांत कार्डे आडवीच ठेवा.

बरणीचा सापळा

ज्यांना गोंद नको त्यांच्यासाठी हा. साधारण अर्ध्या लिटरची काचेची बरणी, लोणच्याची किंवा जॅमची, गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. बाहेरून खालपासून तोंडापर्यंत जुने सुती कापड किंवा मास्किंग टेप गुंडाळा, म्हणजे चढायला पकड मिळेल. आतून काठापासून खाली ३ सेंटीमीटर पट्ट्यात पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. पातळ म्हणजे बोट फिरवल्यावर काच धूसर दिसेल इतका. जाड लावली तर ती गोळा होऊन खाली सरकते, आणि मध्ये उघड्या पडलेल्या काचेवरून जर्मन झुरळ सहज वर येते. त्याच्या पायांना काचेवर चढायची पकड असते, 'गुळगुळीत आहे, निसटेल' हा भरवसा चुकीचा.

जेलीऐवजी टाल्कम पावडर लावायचा सल्ला मिळतो. फेब्रुवारीत तो चालून जातो. जुलैत पावडर ओल शोषून गठ्ठे धरते आणि तिची शिडी होते.

आमिष म्हणून पोदेराचा (पाववाल्याचा) शिळा पाव उत्तम. एका पावाचा चौथा हिस्सा दोन मोठे चमचे, म्हणजे ३० मिलीलिटर, बिअरमध्ये भिजवा आणि हलका पिळून बरणीत टाका. तळाशी डबके नको. बिअर घरात येत नसेल तर काळे पडलेले अर्धे केळे कुस्करून टाका. काजूच्या हंगामात बोंडाचा रस काढून उरलेला चोथाही चांगला, आंबल्यावर त्याचा वास बिअरइतकाच चालतो. फेणी मात्र वाया घालवू नका. ती तीव्र असते आणि उडून जाते. झुरळाला आंबलेल्या धान्याचा आणि फळाचा वास हवा असतो, दारू नव्हे.

गूळ-साखरेवर फार भिस्त ठेवू नका. फसव्या गोड औषधांना वर्षानुवर्षे तोंड देऊन जर्मन झुरळांच्या काही वंशांत ग्लुकोज कडू लागण्याचा गुण आला आहे. १९९०च्या दशकात अमेरिकेत तो प्रथम लक्षात आला. तुमच्या घरात गोड आमिषाकडे पाठ फिरवणारी झुरळे असतील तर शेंगदाण्याचा कूट किंवा सुकी मासळी करून बघा.

बरणी भिंतीला टेकवून उभी ठेवा, तोंड उघडे. सकाळी साबणाच्या गरम पाण्याचा अर्धा कप आत ओता, दहा मिनिटांत काम होते. उन्हाळ्यात पाव दुसऱ्या दिवशी कडक होतो, पावसाळ्यात त्याच वेळेत बुरशी धरतो. दोन्ही वेळा बदलायचा दोन दिवसांनीच. जेलीत अडकलेले झुरळ काढून तो भाग पुसून पुन्हा जेली लावा, नाहीतर मेलेल्याच्या पाठीवरून पुढचे बाहेर पडते.

न्हाणीतल्या मोठ्या झुरळांसाठी दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्या. वरचा तिसरा हिस्सा कापा, झाकण काढून तो उलटा फनेलसारखा खालच्या भागात बसवा, आणि फनेलच्या आत बाहेर पडायच्या टोकाशी जेली लावा. बाहेरची बाजू सँडपेपरने खरवडा. बाटलीचे तोंड दोनेक सेंटीमीटरचे असते, अमेरिकन झुरळाला पुरते. ती आडवी न ठेवता उभी, चेंबरच्या झाकणाशेजारी, पाण्याच्या ओघाबाहेर ठेवा.

कुठे आणि किती

साध्या स्वयंपाकघराला सहा ते आठ कार्डे लागतात. सिंकखाली पाइप भिंतीत जातो तिथे, फ्रिजमागे कॉम्प्रेसरच्या बाजूला, गॅस सिलिंडरच्या कडीखाली, ओट्याखालच्या कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात, मिक्सरमागे, कांदे-बटाट्याच्या टोपलीशेजारी. प्रत्येक कार्डाची एक कड भिंतीला चिकटलेली हवी, आणि दोन भिंतींचा कोपरा मिळाला तर त्याहून बरे. भिंतीपासून ५ सेंटीमीटर सरकलेले कार्ड जवळपास निरुपयोगी.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून किंवा कुठूनही आणलेली पुठ्ठ्याची खोकी घरात साठवत असाल तर एक कार्ड तिथेही. पुठ्ठ्याच्या पन्हाळ्या म्हणजे आयती फट. तीच गोष्ट परसदारी रचलेल्या करवंट्यांची, सोडणांची (नारळाच्या सालांची) आणि चुडतांची (माडाच्या झावळ्यांची). तो ढीग भिंतीपासून हलवा, तिथे सापळे लावत बसू नका.

सापळे मांडण्याआधी निदान आठवडाभर त्या जागी फवारा, झुरळांच्या खडूच्या रेघा, डांबरगोळ्या यांपैकी काही नको. फवाऱ्यातली बहुतेक औषधे झुरळांना पळवून लावतात. ती दुसऱ्या खोलीत जातात आणि तुमची कार्डे कोरी राहतात. फिनेलने पुसलेल्या कोपऱ्याचेही तेच.

मोजणी कशी वाचायची

कार्डावर पेनाने जागा आणि तारीख लिहा. सात रात्री हात लावू नका. मग मोजा: मोठी किती, पिल्ले किती, आणि ती कार्डाच्या कोणत्या तोंडाशी अडकली आहेत. पिल्ले वसतीपासून लांब जात नाहीत. एका कार्डावर बारीक पिल्लांची गर्दी असेल तर घर हाताच्या अंतरावर आहे, आणि ज्या तोंडाशी जास्त अडकली त्या बाजूला आहे. नुसते एखाद-दुसरे मोठे झुरळ असेल तर ते वाटसरू. दुसऱ्या आठवड्यात रिकामी कार्डे उचलून त्या भरलेल्या कार्डाभोवती अर्ध्या मीटरवर लावा. एवढ्यात फट सापडते: बिजागरीची खाच, ओट्याच्या कडप्प्याखालची पोकळी, फ्रिजच्या दाराचे रबर.

दोन प्रकारच्या सापळ्यांत कोणता चांगला हे ठरवायचे असेल तर दोन्ही एकदाच दोन जागी ठेवून निष्कर्ष काढू नका. जागेतला फरक सापळ्यातल्या फरकाला गिळून टाकतो. बरणी सिंकखाली आणि कार्ड फ्रिजमागे ठेवा, दुसऱ्या रात्री अदलाबदल करा, अशा निदान तीन अदलाबदली झाल्यावर बेरीज करा. दर वेळी नवे कार्ड आणि धुतलेली बरणी वापरा. झुरळांच्या विष्ठेतला वास इतर झुरळांना बोलावतो, त्यामुळे वापरलेला सापळा नव्यापेक्षा जास्त पकडतो. तुलना करताना हा गुण अडचणीचा, एरवी मात्र फायद्याचा: चार झुरळे लागलेले कार्ड गोंद शाबूत असेपर्यंत उचलू नका.

वसती सापडली की झुरळांचे जेल मिरीच्या दाण्याएवढे, प्रत्येक फटीत एक-दोन ठिपके. कार्ड तिथून एक हात दूर सरकवा, नाहीतर जेल खायला येणारे झुरळ वाटेतच अडकते आणि विष परत वसतीत पोचत नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा सात रात्रींची मोजणी. आकडा उतरला नाही तर त्याच जेलचे आणखी ठिपके लावण्याऐवजी वेगळ्या औषधी घटकाचे जेल आणा. घटकाचे नाव नळीवर लिहिलेले असते. लहान मुले आणि पाळीव प्राणी पोचतील अशा जागी काही लावू नका.

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी घर झाडायला काढता तेव्हा कपाटे हललेली असतात, फटी दिसतात. त्याच्या दोन आठवडे आधी कार्डे लावली तर कुठे हात घालायचा ते ठाऊक असते. विसर्जनानंतर माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या मांडवीची, फळे आठ-आठ दिवस टोपलीत पिकत ठेवली तर मात्र कोणताच सापळा त्यांच्यापुढे टिकणार नाही.

वापरलेली कार्डे पॉलिथिनच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधून टाका. अडकलेल्या मादीच्या पेटीतून ती मरत असतानाही पिल्ले निघू शकतात. झुरळांची विष्ठा आणि अंगाचे तुकडे दम्याच्या रुग्णांना त्रासाचे असतात, म्हणून कपाट झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा.

बंद घरे

वर्षातले काही आठवडेच उघडणारी घरे आणि फ्लॅट गोव्यात पुष्कळ. तिथली तक्रार एकच असते: कोणी राहत नाही, अन्नाचा कण नाही, तरी मोठी झुरळे. कारण न्हाणीतल्या आणि सिंकच्या ट्रॅपमधले, म्हणजे पाइपच्या पाणी साठून राहणाऱ्या वळणातले, पाणी उन्हाळ्यात सुकते आणि गटाराची वाट मोकळी होते. कुलूप लावताना प्रत्येक जाळीत लिटरभर पाणी ओता आणि वर दोन चमचे खाद्यतेल सोडा. तेलाचा तवंग पाणी उडू देत नाही. कमोडचे झाकण पाडा, सिंकला बूच लावा, सेप्टिक टँकच्या हवेच्या पाइपला बारीक जाळी बांधा. प्रत्येक न्हाणीत आणि सिंकखाली बिनआमिषाचे एक-एक कार्ड, तारीख घालून. परत आल्यावर ज्या न्हाणीतले कार्ड भरलेले असेल, तिथला ट्रॅप सुकला किंवा जाळी तुटली आहे.